वाकळीचा आठवडा

आमच्या घरात वर्षातून दोन महिने फरशी दिसत नाही. मार्गशीर्ष लागला की आमचे टेबल, आरामखुर्ची आणि वर्तमानपत्रांची रास भिंतीकडे सरकते आणि माजघरात वाकळ पसरते. त्यानंतर घरधन्याने कडेकडेने चालावयाचे, चहा स्वयंपाकघरात उभ्याने घ्यावयाचा आणि हरवलेल्या सुईविषयी कोणी विचारल्यास जागच्या जागी थांबावयाचे, असा दंडक आहे. आम्ही तो निमूटपणे पाळतो. शाळेत मुख्याध्यापक असलेल्या गृहस्थास घरी आज्ञापालनाची सवय असणे हितावह असते.

वाकळ म्हणजे गोधडी, हे बेळगावकडील वाचकांस सांगावयास नको. परंतु हे मासिक जेथे जेथे जाते तेथे तेथे या वस्तूचे नाव पालटते. इंदूर-ग्वाल्हेरची मंडळी शेजाऱ्यांच्या तोंडून 'गुदडी' ऐकतात. बडोद्यात ती 'गोदडी' होते, हैदराबादेत तेलुगू शेजारीण 'बोंत' म्हणते, तर आमच्या शहापुरातल्या गल्लीतील कानडी काकू 'कौदी' म्हणतात. संस्कृतात ती कंथा आहे, जोगी-बैराग्यांच्या खांद्यावरची. नावे इतकी, कृती मात्र एकच. जुने कापड टाकून द्यावयाचे नाही, थरावर थर रचून धावदोऱ्याने एकजीव करावयाचे. गोधडीवर कविता करणारे मराठीत पुष्कळ झाले. टाका घालणारे हात मात्र कमी होत चालले आहेत. आमच्या गल्लीत ते सहा जोड्या उरले आहेत, आणि त्यांच्या प्रमुख आमच्या सौभाग्यवती आहेत. गेल्या नाताळच्या सुमारास त्यांच्या मंडळाचा जो एक आठवडा आम्ही जवळून पाहिला, त्याची हकीकत वाचकांस सांगावी असे मनात आहे.

रविवारी दुपारी जेवणे आटोपली आणि सहाही जणी जमल्या. पुण्याहून आमची कन्या नातीस घेऊन चार दिवसांच्या माहेरपणास आली होती, त्यामुळे प्रेक्षकवर्गही होता. जमलेले कपडे अगोदरच उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळविलेले असतात. प्रथम त्यांची परीक्षा होते. हूक, बटणे, जाड शिवणी कापून काढावयाच्या आणि कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरावयाचे. सुती लुगडे, धोतर, पंचा उत्तीर्ण. नायलॉन, टेरिकॉट नापास. कारण ते घाम शोषीत नाही, थरात घसरते आणि वर्षभरात टाक्यांतून निसटून गोळा होऊन बसते. नवे कोरे कापडसुद्धा सौ. पसंत करीत नाहीत. त्याची खळ गेलेली नसते, सुई अडते. वाकळीला लागतो तो मऊपणा गिरणीत तयार होत नाही. पंधरावीस वर्षांच्या धुण्यातून तो उतरावा लागतो.

मग अस्तर अंथरावयाचे, त्यावर थर, फाटक्या जागी तुकडे भरून जाडी सारखी करावयाची आणि शेवटी वरचे कापड. तळहाताने सुरकुत्या काढून लांब लांब कच्चे टाके घालावयाचे. एवढे झाले की चौघी चार बाजूंना बसतात, दोघी दोरे ओवतात, आणि कडेपासून टाका सुरू होतो. एक फेरी झाली की बोटभर आत दुसरी, मग तिसरी. असे करीत करीत चौघी मध्यावर एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की गप्पांना आवाज चढवावा लागत नाही. गल्लीतील महत्त्वाच्या वार्ता वाकळीच्या मध्यभागीच फुटतात, असे आमचे निरीक्षण आहे.

नातीने विचारले, "आजी, मशीनवर का नाही शिवत? लवकर होईल ना."

सौ. म्हणाल्या, "मशीन घट्ट आवळतं ग. मग वाकळ पुठ्ठ्यासारखी होते."

यात शास्त्र आहे, हे आम्ही मास्तरकीच्या सवयीने पुढे सांगितले. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. हाताचा सैल टाका ती हवा राहू देतो. नातीने ऐकून घेतले आणि पुण्याहून आणलेले ससेछाप गुलाबी ब्लँकेट पायांवर ओढले.

या वाकळी विकावयाच्या नसतात. सहा वर्षांपूर्वी सौ.नी गल्लीतील बायकांस गोळा केले तेव्हा बेत सोपा होता. थंडीच्या दिवसांत दहा वाकळी शिवाव्या आणि निराधारांची सोय पाहणाऱ्या एका संस्थेस द्याव्या. तसे झाले. छायाचित्र निघाले, नारळ मिळाला. पुढल्या वर्षी काही कामानिमित्त सौ. त्याच संस्थेत गेल्या, तेव्हा कोठीच्या माळ्यावर त्यांना आपल्या दहाही वाकळी दिसल्या. आपण बांधलेली सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. तेथील गृहस्थ सरळ मनाचे होते. ते म्हणाले, "बाई, देणारे ब्लँकेटं देतात. जुन्या कापडाचं पांघरूण कोण घेणार?" सौ. घरी आल्या त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्यांचा नियम झाला. अमुक एक माणूस हिच्याखाली निजणार आहे हे ठाऊक असल्याखेरीज वाकळ अंथरावयाची नाही. साहजिकच संख्या घटली. या वर्षी पाचच ठरल्या होत्या. दोन बाळंतिणींसाठी, दोन गल्लीतल्याच एका वृद्ध जोडप्यासाठी आणि एक आमच्या शाळेतील स्वयंपाकाच्या मावशींसाठी.

सहावीचा प्रश्न सोमवारी उपस्थित झाला, आणि तो आमच्या वागणुकीमुळे झाला हे सांगणे प्राप्त आहे.

आमची शाळा खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला आहे. गावातील मुलांबरोबर जंगलातल्या गवळी धनगरांच्या वाड्यांवरची काही मुले तेथे येतात. ही माणसे पिढ्यान् पिढ्या म्हशी राखून राहिलेली. घरे कुडाच्या भिंतींची, आणि डिसेंबरात त्या झाडीत थंडी अशी पडते की सकाळी आठ वाजेपर्यंत बोटांनी खडू धरवत नाही. सोमवारी परिपाठानंतर आम्ही तिसरीच्या वर्गात डोकावलो, तो एक मुलगा वहीवर गाल टेकून गाढ झोपलेला. गेल्या आठवड्यात हे दोनदा घडले होते. आम्ही तीस वर्षांत कमावलेला आवाज लावला. मुलगा दचकून उभा राहिला. रात्री काय करतोस, असे चारचौघांदेखत विचारले. तो पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. आम्ही त्यास मधल्या सुटीपर्यंत उभे केले.

दुपारी स्वयंपाकाच्या मावशी ताटे मांडता मांडता म्हणाल्या, "सर, त्या पोराला बोलू नका. त्याची आई बाळंत झालीया. घरात वाकळा दोनच. एक तिला आणि बाळाला, एक म्हातारीला. ह्यो चुलीपुढं निजतोय. इस्तू इझला की उठून काटक्या सारतोय रातभर."

आम्ही ऑफिसात जाऊन बसलो. हजेरीपट पुढे ओढला, परंतु त्यात काही लिहावयाचे नव्हते.

संध्याकाळी घरी ही गोष्ट सांगितली. उभे केल्याचा भाग आम्ही गाळणार होतो, पण सौ. आमच्याकडे अशा पाहत होत्या की तोही सांगितला गेला. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. उठून कापडांच्या गाठोड्याजवळ गेल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "मोठ्या वाकळीपुरतं सुती उरलं नाही."

मंगळवारी रात्री त्यांनी विषय काढला. आमच्या आईचे इरकली लुगडे ट्रंकेत होते. वडिलांनी 1984 साली थोरल्या बहिणीच्या लग्नात घेतलेले, गर्द निळे, तांबड्या पदराचे. जे वाचक बागलकोट जिल्ह्यातील इळकलकडचे हे वाण नेसतात वा जपून ठेवतात, त्यांस त्याची खूण माहीत असेल. अंग सुती, पदर रेशमी, आणि दोहोंचे ताणे मागावरच आकड्यात आकडा अडकवून जोडलेले. आईने ते प्रथम लग्नकार्यात, मग सणावारी आणि अखेरच्या वर्षांत रोज नेसले. 2011 साली ती गेली. तेव्हापासून ते घडी करून ठेवलेले.

आम्ही म्हणालो, "ते नको."

"का?"

कारण आम्हांस सांगता येईना. एम.ए.ला आम्ही भावनेच्या अभिव्यक्तीवर वीस गुणांचे उत्तर लिहिले होते. त्याचा या प्रसंगी उपयोग झाला नाही. शेवटी म्हणालो, "असू दे घरात. आठवण आहे."

"अहो, डांबराच्या गोळ्यांना थंडी वाजत नाही," सौ. म्हणाल्या आणि दिवा मालवून झोपल्या.

आम्हांस झोप आली नाही. पहाटे उठून आम्हीच ट्रंक उघडली. लुगडे बाहेर काढून घडी मोडली, तो पदराचे रेशीम घडीच्या रेघेवर सरळ चिरत गेले. पुन्हा दुसऱ्या घडीवर चिरले. इतकी वर्षे एकाच घडीत राहिल्याने रेशीम त्या रेघांवर विरले होते. सुती अंग मात्र शाबूत होते, आणि हातास इतके मऊ लागले की आम्ही ते पटकन खाली ठेवले. सौ. मागे येऊन केव्हा उभ्या राहिल्या, कळले नाही. त्यांनी चिरलेला पदर उचलला, घडी घातली आणि इतकेच म्हणाल्या, "गुरुवारी मी तुमच्याबरोबर शाळेत येते."

बुधवार दोरा आणण्यात आणि नातीला किल्ला दाखविण्यात गेला. किल्ल्यातील कमल बस्तीच्या छताचे दगडी कमळ पाहून ती म्हणाली, "हे उलटं का लावलंय?" यास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

गुरुवारी शाळा सुटल्यावर सौ., नात आणि आम्ही त्या मुलाच्या मागोमाग वाड्यावर गेलो. वाट रानातून, अर्ध्यापाऊण तासाची. मुलगा पुढे चालत होता आणि मागे वळून पाहत नव्हता. घरी त्याची आजी अंगणात म्हशीपुढे गवत टाकीत होती. मास्तर दारात पाहून ती घाबरली. मुलाने काय केले, असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, "त्याने काही केलेलं नाही. चूक आमची झाली." मुलगा या वाक्याच्या वेळी गोठ्यात होता. ते त्याने ऐकले की नाही, कोणास ठाऊक.

सौ.नी पिशवीतून लुगडे काढले आणि आडपडदा न ठेवता सांगितले की हे आमच्या सासूबाईंचे; त्या आता नाहीत; नातवासाठी याची वाकळ केली तर तुम्हांस चालेल काय? आम्हांस धास्ती होती ती हीच. गेलेल्या माणसाचे वस्त्र परक्या घरात न्यावयाचे, त्यांनी ते अशुभ मानले तर दोष कोणास द्यावा?

म्हातारीने हात पदराला पुसले, लुगड्याचा काठ चिमटीत धरून चोळला. "नेसून मऊ केलंय," ती म्हणाली. "जाताना त्यांनी काय नेलं न्हाई बघा." मग ते तिने सौ.च्या मांडीवर परत ठेवले. "पर बाई, सगळी वाकळ दुसऱ्याच्या कापडाची आमी न्हाई घ्यायची."

सौ. थांबल्या. म्हातारी आत गेली आणि एक विटके हिरवे लुगडे घेऊन आली. जागोजाग ठिगळे होती, परंतु पाण्यातून काढून नीट घडी केलेले होते. "ह्ये खालनं लावा. मग ती आमची झाली. आनि ल्हान करू नका, पोर वाढतंय."

सौ.नी मुलाला बोलावून टेपने त्याची उंची घेतली आणि तीत दीड फूट मिळविला. तो ताठ उभा राहिला. शाळेत आम्ही उभे केले होते तेव्हाही तो तसाच उभा होता.

निघताना म्हातारीने आणखी एक मागणी केली. "चार कोपऱ्यांना फुलं लावा. हल्याळच्या बाजारात त्या सिद्दी बाया बसत्यात, त्यांच्यासारखी. फुलाबिगर वाकळ नागडी दिसतीया." ही फुले म्हणजे कापडाच्या त्रिकोणी घड्या, कोपऱ्यात शिवलेल्या. आमच्या शेजारच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीजांच्या काळी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज, असे मानले जाते. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात. कोपऱ्यापासून आरंभ, रंगीत तुकडे टाक्याबरोबरच जोडीत आत जावयाचे आणि शेवटी फुले. या कवंद्यांची आता परदेशांतही प्रदर्शने होतात. म्हातारीला त्याचा पत्ता नसावा. तिला बाजारात पाहिलेली एक चांगली गोष्ट नातवाच्या वाकळीला हवी होती, एवढेच.

त्या रात्री बसमध्ये सौ. खिडकीबाहेर पाहत होत्या. खानापूर मागे पडल्यावर म्हणाल्या, "पदर फुलांना होईल. मागून सुती अस्तर दिलं की धरेल."

शुक्रवार-शनिवारी घरात वेळी-अवेळी चहा झाला. हिरवे लुगडे खाली, निळे घडी घालून मध्ये आणि वर. कानडी काकूंनी पदराच्या चार फुलांचे काम स्वतःकडे घेतले. त्यांच्या टाक्याची बरोबरी मंडळात कोणीही करीत नाही, सौ.सुद्धा नाहीत, आणि हे सौ. स्वतः सांगतात. आम्ही एका कोपऱ्यात बसून हिशेब मांडला. वाकळ साडेपाच फूट लांब, साडेतीन फूट रुंद, रांगांत पाऊण इंचाचे अंतर. म्हणजे सुमारे शंभर वार टाका, चार थरांतून. बेरीज मोठ्याने वाचून दाखविली. कोणी मान वर केली नाही.

शनिवारी रात्री नऊ वाजता एक काकू डोळे चोळीत उठल्या, तेव्हा त्यांची जागा रिकामी झाली. सौ. म्हणाल्या, "बसा तुम्ही." नात टाळ्या पिटू लागली. आम्ही अंगुस्तान बोटात घातले आणि आयुष्यात प्रथमच वाकळीला टाका घातला. हात गेला तिकडे सुई गेली. वीतभर रांग पुरी झाली तेव्हा ती पावसाळ्यातल्या पायवाटेसारखी दिसत होती. एकीने ती उसवावयास कात्री उचलली. सौ. म्हणाल्या, "राहू दे. ती त्यांची आहे."

रविवारी जावईबापू गाडी घेऊन आले होते. वाटेत वाड्यावर थांबलो. म्हातारीने वाकळ प्रथम उलटी केली. जाणकार बायका आधी मागची बाजू पाहतात, तशी. हिरव्या लुगड्यावरून तिचे बोट रांगांमागून रांगा फिरत गेले आणि एका ठिकाणी थबकले.

"ह्यो कुनाचा टाका?"

सर्वांनी आमच्याकडे पाहिले. मुलगा आजीच्या आड उभा होता. त्याने डोके पुढे काढून ती रांग पाहिली, मग आम्हांस पाहिले, आणि ओठ मिटून ठेवण्याचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला. तो साधला नाही. आम्ही त्याला हसताना प्रथमच पाहिले. समोरचे दोन दात पडलेले होते, हेही आम्हांस त्या दिवशी कळले. म्हातारीने नातीच्या हातावर लोण्याचा गोळा ठेवला. तिने तो तेथेच उभ्याउभ्या संपविला.

पुढे हलशीला गेलो. कदंबांची ही पलाशिका नगरी. येथे सापडलेले त्यांचे ताम्रपट इतिहासाच्या पुस्तकांत आहेत, आणि गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात उभारलेले भूवराह-नरसिंहाचे देऊळ अजून पुजेत आहे. त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. सौ. मंडपात बराच वेळ टेकून बसल्या. दोन दिवसांच्या ओणव्या कामाने त्यांची पाठ भरून आली होती. आम्ही नातीस ताम्रपट म्हणजे काय ते सांगू लागलो. ती म्हणाली, "आजोबा, तांब्यावर लिहिलेलं पुसता येत नाही, मग चुकलं तर?" आम्ही विषय बदलला. परतीच्या वाटेत ती ससेवाल्या ब्लँकेटात झोपली. संध्याकाळी पुण्याची गाडी गेली आणि माजघरात मावशींची वाकळ तेवढी अर्धी शिवून उरली.

सोमवारी प्रार्थना झाली, परिपाठ झाला, तिसरीची हजेरी झाली. त्या मुलाची जागा रिकामी होती. आम्ही दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. पहिला तास अर्धा झाला तेव्हा तो रानाच्या वाटेने धावत येताना दिसला, एका पायात चप्पल, दुसरी हातात.

"का रे, उशीर?" आम्ही विचारले. आवाज जपून लावला.

"जाग आली न्हाई, सर," तो म्हणाला.

आम्ही हजेरीपट मागवून घेतला आणि त्याच्या नावापुढे हजर लिहिले.